पाहुण्यांचं ताट

रविवार, २७ मार्च १९६०

सगळ्यात आधी आली ती आमची लेक मीरा, आणि तीसुद्धा पोराला पदराखाली झाकून, चोरीचा माल आणल्यागत. तिच्या पाठोपाठ शेजारची कमलाबाई आलीच. कमलाबाईला कुणाच्या घरी काय शिजतंय ते आधी कळतं आणि ज्याचं त्याला मागून. ती म्हणाली, मीराबाई, माझगावात एवढी काय आग लागली की चहाच्या वेळेआधीच परळ गाठलं. मीराने पदर आणखी ओढला. मग मीच पदर वर केला तर आमचा राजाराम, पाच वर्षांचं पोर, कपाळापासून बेंबीपर्यंत कांजण्यांनी फुललेला. एकेक फोड असा टपोरा, पाण्याने भरलेला, जसे मोती ओवावेत.

मीराच्या चाळीतले लोक म्हणत होते म्युनसिपालटीला कळवतो, साथीच्या दवाखान्याची गाडी येईल आणि पोराला घेऊन जाईल. म्हणून ही पळून आली. जावई गोदीत कामावर, त्याला विचारलंसुद्धा नाही. बरं केलंस म्हटलं. अशा गोष्टी बापांना विचारायच्या नसतात.

मला इतका आनंद झाला की मी आधी पोराच्या तोंडात साखर घातली. आमच्या घरी भिवाची सुभी आहे चार वर्षांची, तिला अजून आल्या नव्हत्या. कोरी पोरगी म्हणजे जिवाला घोर. आता घरबसल्या काम होईल.

इथे एक लिहून ठेवते. भिवा, माझा मुलगा, मिलमधून आला आणि मी ‘देवी आल्यात’ म्हटलं तर चिडला. आपण धर्म बदलला, देव्हारा समुद्रात सोडला, आता देवीबिवी नाही, रोग म्हण. मी म्हटलं बरं बाबा, देवी नाही म्हणत, पाहुण्या म्हणते. पाहुण्यांना कसला धर्म. तो हसला. माझ्यासमोर त्याचं काही चालत नाही.

रात्रीच्या वर्गाचे गुरुजी म्हणाले होते, आजी, पास झालात पण रोज थोडं लिहीत जा, अक्षरं अंगात मुरायला वेळ लागतो, एकदा मुरली की मरेपर्यंत जात नाहीत. तेव्हा हे लिहिते. जोडाक्षर आलं की अजून हात अडतो.

सोमवार, २८ मार्च

आज गॅलरीत पंगत केली. आमच्या गावी वाईकडे अशीच करायचे. ज्याच्या घरी पाहुण्या आल्या त्याच्या ताटात कोऱ्या पोरांना जेवायला बसवायचं, एका गोधडीत निजवायचं. लहानपणी आल्या की फुलासारख्या येतात आणि जातात. मोठेपणी आल्या की माणसाला उभं सोलतात. आणि एकदा घर बघून गेल्या की पुन्हा पायरी चढत नाहीत. हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही.

कमलाबाईने तिचे दोघे आणून बसवले. खालच्या मजल्यावरची एकजण आली होती, तिच्या मुलीला फोड बघून उलटी झाली, मग गेली. दहीभात कालवला. राजारामने दोन घास खाल्ले, उरलेला सगळ्यांना भरवला. पोरं हसत होती.

सुभी मात्र नव्हती. तिला घेऊन कौसल्या, माझी सून, नळावर जाऊन बसली होती. आठवा महिना लागलाय हिला, पोट हे एवढं, तरी पोरगी कडेवर. मी बोलावलं तर चार बायांच्या देखत म्हणाली, “आत्याबाई, सुभीचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मला आलेल्या नाहीत. भावाला आल्या तेव्हा आईने मला मामाकडे धाडलं होतं. मला या दिवसांत भीती वाटते.”

सातवी शिकलेली आहे ना, भीतीसुद्धा पुस्तकातली. मी तिचा दंड धरला, बाही वर सारली, आणि टोचल्याच्या दोन गोल खुणा सगळ्यांना दाखवल्या. म्हटलं, हे काय मग. सरकारी माणसाने सुई टोचली तेव्हाच पाहुण्या तुझ्या अंगात राहून गेल्या. माझ्या तोंडाकडे बघ, चाळणी झालीय, माझ्या घरात त्या पुऱ्या महिनाभर राहिल्या. तेव्हापासून किती जणांची अंगं पुसली, किती जणांचे फोड धुतले, मला काही झालं का. कमलाबाई म्हणाली, आता ही अंगठा दाखवून म्हणेल हा माझा नाही. सगळ्या हसल्या. कौसल्याने बाही खाली केली.

संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती तेव्हा मी सुभीला उचलून राजारामच्या गोधडीत सरकवली. पोरीला मऊ मऊ वाटलं, लगेच झोपली.

बुधवार, ३० मार्च

कौसल्या दोन दिवस बाहेर गॅलरीत निजतेय, तोंडाला पदर बांधून. येणारेजाणारे विचारतात सासूने हाकलली का. मी सांगते हो, मी राक्षसीण आहे.

आज तिचा भाऊ रघुवीर आला वडाळ्याहून. रेल्वेच्या यार्डात आहे, बोलायला चांगला. तिनेच निरोप धाडला असणार. तिची पत्र्याची पेटी तयारच होती. रघुवीर चाचरत म्हणाला, बाळंतपणाला माहेरी नेतो, आईची इच्छा आहे. मी त्याला चहा दिला, चकली दिली. म्हटलं ने की. बाळंतपण कुठेही होतं. फक्त सुभी जायची नाही. सुभीच्या अंगात आता पाहुण्या बसल्यात, आज ना उद्या फुलणार, तुमच्या यार्डातल्या वाऱ्यात मला पोरगी मारायची नाही.

कौसल्या पेटी धरून उभी होती. सुभी माझ्या मांडीवर. मी सुभीला विचारलं, आईबरोबर जातेस की आजीजवळ राहतेस, आजी उद्या गोळ्या आणणार आहे. पोरगी म्हणाली आजी.

रघुवीर चकली संपवून एकटाच गेला. पेटी पुन्हा पलंगाखाली गेली. भिवा पाळीवरून आला तेव्हा तिने त्याला काय सांगितलं ठाऊक नाही, तो एवढंच म्हणाला, आईचं ऐक, आईने गावात साथ बघितलीय. मग तो समितीच्या सभेचं बोलू लागला. चार वर्षं ओरडत होते, आता मुंबईसकट महाराष्ट्र मिळतोय, एक मे तारीख ठरली. पोरं पोलिसांच्या गोळ्या खाऊन मेली तेव्हा मी खिडकीतून धूर बघितलाय. मिळू दे बाई एकदाचा.

सोमवार, ११ एप्रिल

मीरा परवाच पोराला घेऊन माझगावला गेली. खपल्या पडल्या, पोर पुन्हा तसंच्या तसं. गालावर एक खळगी राहिली, ती मी म्हटलं आजीची आठवण.

आणि आज सकाळी सुभीच्या पाठीवर तीन फोड. दुपारी पोटावर, कानामागे, केसांत. मी कमलाबाईला हाक मारून दाखवले. कमलाबाईच्या धाकट्यालाही कालच आल्या, थोरल्याला काही नाही, तो आधीच कुठून घेऊन आला असेल. माझ्या डोक्यावरून मोठं ओझं उतरलं. आता सुभी लग्न करून कुठेही जाऊ दे, पन्नास वर्षांनी तिच्या नातवंडांना येऊ दे, ही मधे बसून पुसेल आणि हिला काही होणार नाही. कुणी सोन्याच्या बांगड्या देतं नातीला, मी हे दिलं.

कडुनिंबाचा पाला आणायला सांगितला. भिवा पाल्याला काही म्हणत नाही, पाला काही देव नाही.

गुरुवार, १४ एप्रिल

आज बाबासाहेबांची जयंती. मी पहाटे उठून पांढरं लुगडं नेसले. चाळीतून मिरवणूक निघाली, निळे झेंडे, लेझीम, गाडीवर फोटो आणि फुलांची कमान. भिवा पुढे घोषणा देत होता. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बाया निघाल्या.

कौसल्यालाही यायचं होतं. आठवडाभर आधीच तिने पांढरी साडी धुऊन इस्त्री करून ठेवली होती. पण सुभीला खाज सुटली होती, रात्रभर किरकिर. मी म्हटलं, पोरीपाशी कोण बसणार, मी? दरसाल मीच बसते का घरात? तेव्हा तिने सरळ नकार दिला. म्हणाली, मी बाहेरून बघीन, आत हात लावणार नाही. स्वतःच्या पोटच्या पोरीला हात लावणार नाही म्हणे. हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी सुभीला तिच्या मांडीत ठेवलं आणि खोलीला बाहेरून कडी घातली. कमलाबाई म्हणाली, अगं पोटुशी आहे. मी म्हटलं, कडीचं ओझं काय तिच्या पोटावर येतं का.

सुभी आई आई करत होती, मग गप्प झाली.

मिरवणूक फार छान झाली. नायगावपर्यंत चालले, पायांना काही झालं नाही. सरबत प्याले. दुपारी परत आले तेव्हा कौसल्या सुभीला कुशीत घेऊन निंबाच्या डहाळीने हळूहळू वारा घालत होती, सुभीचं तोंड तिच्या मानेत. बघा म्हटलं, आईला पोरीची किळस किती वेळ टिकते. आज रात्री मात्र ती गॅलरीत निजली नाही, पोरीपाशीच निजली. माझं ऐकलं एकदाचं.

बुधवार, २० एप्रिल

सुभी खणखणीत. खपल्या गळतात त्या वेचून डबीत ठेवते, वेडी. गुरुजी रस्त्यात भेटले, वही दाखवली. म्हणाले वेलांटी सुधारली. मी त्यांना सुभीचं सांगितलं, ते म्हणाले, शरीराचंही शाळेसारखंच असतं आजी, एकदा धडा पाठ झाला की झाला. मी म्हटलं, मग मी कधीची मास्तरीण आहे.

गुरुवार, २८ एप्रिल

गंमतच झाली. कौसल्याला आल्या.

काल ताप होता, तिने सांगितलं नाही. आज सकाळी पदर सरकला तर गळ्यावर, छातीवर, आणि त्या गच्च ताणलेल्या पोटावर. पोरांसारख्या नाहीत, दाट आणि लाल, डोळ्याच्या कडेलासुद्धा. मी जरा चक्रावले. दंडावर खुणा आहेत आणि तरी आल्या. मग लक्षात आलं, सरकारी माणसाने पाणी घातलेली सुई टोचली असणार. तेव्हा गावोगाव तसंच करायचे.

मी म्हटलं, बरं झालं गं, एका घरात एकाच हंगामात सगळं उरकलं. आणि पोटातल्याचंही आतल्या आत होऊन जाईल, जन्माला येईल ते झालेलंच येईल. ती भिंतीला टेकून बसली होती आणि पोटावर हात धरून फोड मोजल्यागत बघत होती. मी मजेत म्हटलं, मोठेपणी आल्या की नखरेही मोठे.

शुक्रवार, २९ एप्रिल

ताप उतरेना म्हणून भिवाने मला सांगितलं, हिला म्युनसिपालटीच्या दवाखान्यात दाखवून आण. तो उद्यापरवाच्या तयारीत, सगळीकडे दिवे लावायचेत, कमानी उभारायच्यात. मीच घेऊन गेले. कौसल्या चालता चालता दोनदा खाली बसली. लोक बाजूला होत होते, रस्ता मोकळा मिळाला.

तिथली डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मीराएवढी. तिने कौसल्याला वेगळ्या बाकावर बसवलं आणि मला आत घेतलं. दिवस किती राहिलेत विचारलं. पोरं एका ताटात जेवली ते मी अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, लहान पोरांचं चुकलं नाही, एकदा झालं की बहुतेकांना जन्माचं पुरतं. मग ती हळू बोलायला लागली, जशी लहान मुलाला सांगते. “आजी, जिला लहानपणी होऊन गेल्यात ती आई आपली ताकद पोटातल्या पोराला देते. पहिले काही महिने पोर त्याच शिदोरीवर निभावतं. पण हिचं अंग आता कुठे लढायला शिकतंय. शिदोरी तयार व्हायला आठवडा तरी लागेल. त्याच्या आत बाळंत झाली तर पोर रिकाम्या हाताने येईल आणि आजार मात्र बरोबर घेऊन येईल.”

मग म्हणाली, कळा सुरू झाल्या की घरी बसायचं नाही, इथे आणायचं. पोर झालं की हिच्यापासून वेगळं ठेवायचं. पोराच्या अंगावर एक जरी फोड दिसला तरी त्याच मिनिटाला आणायचं. मला दोनदा म्हणायला लावलं. मी म्हटलं. मी तिच्या दंडावरच्या खुणांचंही विचारलं, तर त्या देवीच्या टोचण्याच्या, कांजण्यांशी त्यांचा संबंध नाही, म्हणे तो वेगळाच आजार. पाहुण्यांतही जाती लावतात ही माणसं. आम्ही जातीतून निघालो आणि ह्या बाहेरून पुन्हा आणतायत.

बाहेर आल्यावर कौसल्याने विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं, विश्रांती घे म्हणाल्या, आणि थंड खा. आईपासून पोर तोडा हे मी का सांगू. एवढी लोकं जन्मली ती काय डॉक्टरणीला विचारून. आणि भिवा घाबरट, त्याला सांगितलं तर तो दिवे लावायचे सोडून दवाखान्यात जाऊन बसेल, चार वर्षं ज्याची वाट बघितली तो दिवस पोराचा बुडेल.

रविवार, १ मे

आधी सांगते, मुलगा झाला.

काल संध्याकाळी कळा सुरू झाल्या. खाली सगळी चाळ दिव्यांनी उजळलेली, फटाके, ढोल. भिवा शिवाजी पार्काकडे गेला होता. कौसल्या म्हणाली, मला दवाखान्यात न्या. मी म्हटलं, ह्या गर्दीत गाडी कुठे मिळणार. खरं म्हणजे कोपऱ्यावर टांगा उभा होता, पण फटाक्यांनी घोडा बिथरला असता. कमलाबाईला बोलावलं, पाणी ठेवलं. मध्यरात्रीच्या थोडी आधी मोकळी झाली. पोर गोरंपान, नाक आमच्या मालकांसारखं, अंगावर एक डाग नाही. मी डॉक्टरणीला मनात म्हटलं, बघ, रिकाम्या हाताने आलाय का. मुठी घट्ट होत्या त्याच्या.

कौसल्याचे फोड अजून ओले. कमलाबाई म्हणाली, पोराला जरा बाजूला ठेवू या का. तेव्हा कौसल्यानेच विचारलं, “आत्याबाई, जवळ घेतलं तर चालेल ना? डॉक्टरीणबाई काही म्हणाल्या नव्हत्या ना?” मी म्हटलं काही नाही, घे, आणि उचलून तिच्या छातीशी लावला. कसा चपाचपा प्यायला लागला.

भिवा मध्यरात्र उलटल्यावर आला, गुलालाने माखलेला. पोराला बघून रडला. मी सगळ्यांना सांगते महाराष्ट्राबरोबर जन्मला. थोडं आधी झाला ते कुणाला सांगायची गरज नाही.

बुधवार, ४ मे

बारशाचं ठरवलं. बारावा दिवस गुरुवारी येतो पण जावयाला गोदीतून सुट्टी नाही, म्हणून रविवार, पंधरा तारीख. आपल्या धर्माप्रमाणे करायचं, फोटोसमोर मेणबत्त्या, वंदना, सगळे पांढऱ्या कपड्यांत. पूर्वीसारखा सटवाईचा थाट नाही. भिवाने रीत शिकून घेतलीय.

लालबागच्या बाजारातून पांढऱ्या मलमलीचा तुकडा आणला, मऊ, पोराला त्यात गुंडाळून सगळ्यांच्या हातात द्यायचं. दोनदा धुतला, सावलीत वाळवला, निंबाची चार पानं घालून पेटीत ठेवला. भिवा नाव विजय ठेवायचं म्हणतो. मीराने निरोप दिला, पाळणा तिच्याकडचा आहे तो घेऊन येईन. राजारामलाही आणणार आहे. सुभी सारखी विचारते तो कधी येणार.

कौसल्याच्या खपल्या धरल्या. चेहऱ्यावर राहणार काही. मी म्हटलं, आता तू माझी खरी सून.

रविवार, ८ मे

आज पोराच्या पोटावर दोन मोती. संध्याकाळपर्यंत डोक्यावर, मांड्यांत, जिभेवर.

मी सुभीला उचलून नाचले. आठव्या दिवशी. अजून नाव ठेवलं नाही आणि आयुष्यभराचं काम झालं. एवढ्या लहानपणी आमच्या खानदानात कुणाचं झालं नव्हतं. कमलाबाईला सांगितलं तर ती आत आली, पोराकडे बघितलं आणि तशीच मागे फिरली. तिच्या थोरल्याला अजून आल्या नाहीत ना, जळतं माणसाचं.

सुभीने विचारलं, आजी, बाळाला पण माझ्या ताटात बसवलं होतंस का. मी म्हटलं, नाही गं, हा आईच्या ताटात जेवला. कौसल्या पोराला पाजत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

बुधवार, ११ मे

पोर फार शहाणं झालंय. रडत नाही. काल दिवसभर रडलं नाही, दूधही मागितलं नाही. मधूनमधून म्हाताऱ्यासारखं कण्हतं आणि छाती भात्यासारखी आत जाते. मोती सगळे लाल काळे पडलेत, एकमेकांत मिसळलेत. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. मी मालकांची आठवण काढून हसले, ते असेच पान खाऊन यायचे.

दुपारी कौसल्या माझ्यासमोर येऊन बसली. पोर मांडीवर. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, “डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मला शब्दाशब्दाने सांगा.”

आता काय लपवायचं, पोराचं होऊनही गेलं होतं. मी सांगितलं. शिदोरीचं सांगितलं, आठवड्याचं सांगितलं, वेगळं ठेवायचं, एक फोड दिसला तरी आणायचं, हेही सांगितलं, मला दोनदा म्हणायला लावलं तेही, हसत सांगितलं. बघ किती घाबरवतात, म्हटलं.

तिने पुढचं ऐकलं नाही. पोराला होतं तसं उचललं आणि अनवाणी जिना उतरली. भिवा पाळीवर जायला निघाला होता, तो तसाच मागे धावला. डबा जिन्यात राहिला. एवढी उन्हाची काहिली, ओली बाळंतीण, डोक्याला काही न बांधता. मी वरून हाका मारल्या. कमलाबाईचा नवरा सीताराम टांगा बघायला धावला. सगळ्यांना मला सोडून कसली घाई ते कळत नाही.

रात्री भिवा आला नाही. सुभी माझ्याकडे निजली.

गुरुवार, १२ मे

आज बारावा दिवस. खरं म्हणजे बारसं आजच व्हायचं.

सकाळपासून चाळीत शांतता. खाली जिन्याशी माणसं जमली आहेत, सीताराम आहे, वडाळ्याचा रघुवीर आलाय, भिवाच्या मिलमधले दोघे. मी गॅलरीतून हाक मारली तर रघुवीरने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्याच्या डोक्यात अजून ती पेटी आहे. मी म्हटलं वर या, चहा टाकते. कुणी आलं नाही. नळावर बाया हळू आवाजात बोलत होत्या, मी गेले तर एकेक हंडा उचलून निघाल्या.

मग कमलाबाई आली. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, भिवाने पांढरं कापड मागितलंय, ते मलमलीचं, असेल तर द्या. मला आनंद झाला. म्हणजे दवाखान्यातूनच पोराला सजवून आणणार, लोकांना चकित करायचं त्याच्या मनात असणार, पहिल्यापासून त्याला असलं आवडतं. मी पेटी उघडली, निंबाची पानं झटकली, घडी मोडू नको म्हटलं, इस्त्री आहे. कमलाबाईने कापड दोन्ही हातांनी घेतलं. जाताना तिने सुभीला उचललं आणि आपल्या खोलीत नेलं. म्हणाली, आज माझ्याकडे जेवेल.

मी तोवर हरभरे निवडून ठेवले. घुगऱ्या करायच्या तर शनिवारी रात्री भिजत घालायला हव्यात. मीराचा निरोप्या कालच येऊन गेला होता, ते सगळे पाळणा घेऊन येणार आहेत, रविवारी सकाळी, पंधरा तारखेला.